काळा धूर, पांढरी वाफ



आमची नात सहा वर्षांची आहे. जन्मापासून विरारची. घराच्या खिडकीतून पश्चिम रेल्वेचे रूळ दिसतात. फास्ट लोकल कोणती आणि स्लो कोणती, हे ती न बघता नुसत्या आवाजावरून सांगते. गांधीनगरची वंदे भारत सपकन निघून गेली की तिला टाटा करते. मागच्या महिन्यात तिला शाळेत आगगाडीचं चित्र काढायला सांगितलं. ते चित्र घेऊन ती घरी आली आणि मी बघतच राहिलो. काळंभोर इंजिन, त्यावर उंच धुरांडं, आणि त्या धुरांड्यातून निघालेला काळा धूर अर्ध्या कागदावर पसरलेला.

मी म्हटलं, "अशी गाडी तू कुठे बघितलीस गं?"

ती म्हणाली, "बघायची कशाला? आगगाडी अशीच असते."

तिचंही बरोबर आहे. आपण विजेवर चालणाऱ्या गाडीलाही आगगाडीच म्हणतो. रेल्वेच्या बोधचिन्हात वाफेचं इंजिन आहे. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगची सूचना देणाऱ्या पाटीवरही तेच इंजिन असतं. गाडी बदलली, पण चित्र बदललं नाही. आणि मला गंमत वाटली ती याची, की पन्नासेक वर्षांपूर्वी मीही अगदी असंच चित्र काढलं होतं. तेवढाच काळा धूर काढला होता. आणि त्या धुरापायी माझ्या नानांची, म्हणजे आईच्या वडिलांची, चांगली बोलणी खाल्ली होती. आज त्या धुराबद्दलच बोलायचं आहे.

आधी आपल्या भागाचं सांगतो. वसई-विरारच्या माणसाचं आयुष्य रुळांना बांधलेलं आहे हे काही नव्याने सांगायला नको. मुंबईहून गुजरातकडे जाणारा हा मार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे लोक जिला बीबीसीआय म्हणायचे तिने, १८६४ साली पुरा केला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. तीच आपल्या विरार लोकलची पणजी. विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या त्या १९३६ साली. म्हणजे मधली एकोणसत्तर वर्षं विरारचा माणूस मुंबईला जायचा तो खऱ्याखुऱ्या आगगाडीतूनच. वसईची केळी, भाजी, फुलं, विड्याची पानं मुंबईच्या बाजारात गेली ती याच रुळांवरून.

विजेच्या लोकल आल्या तरी लांबच्या गाड्यांची वाफेची इंजिनं पुढेही बरीच वर्षं आपल्या दारावरून जात होती. अब्बा सांगायचे, लहानपणी ते आणि त्यांचे दोस्त फ्रंटियर मेल बघायला रुळांकडेला जाऊन उभे राहायचे. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी मुंबईहून थेट पेशावरला जायची. फाळणीनंतर ती अमृतसरपर्यंतच उरली, आणि १९९६ साली तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं. दुसरी लाडकी गाडी फ्लाइंग राणी. १९३७ सालची, सुरतची. माझ्या पिढीला तिची आठवण आहे ती दुमजली डब्यांमुळे. ते डबे १९७९ साली लागले आणि २०२३ साली निघाले. खालच्या मजल्यावर बसलं की खिडकीतून फलाटावरच्या माणसांचे नुसते पायच दिसायचे.

पण माझी स्वतःची आगगाडी वेगळीच. ती इथली नव्हती. ती माझ्या आईच्या माहेरची होती.

आम्ही सोपाऱ्याचे. अब्बा शिवणकाम करायचे. आई मात्र पार विदर्भातली, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची. नाना तिथल्या इंजिनाच्या शेडमध्ये फायरमन होते. रेल्वेतल्याच एका नातेवाइकानं हे लग्न जुळवलेलं. मे महिना म्हणजे लग्नसराई, त्यामुळे अब्बांना मशीन सोडून हलता यायचं नाही. तेव्हा आई आम्हा तीन भावंडांना घेऊन एकटीच निघायची. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, पाण्याची सुरई आणि नानीसाठी वसईची सुकेळी. केळीच्या सोपटात बांधलेल्या त्या सुकेळ्यांचा वास अख्ख्या डब्यात दरवळायचा आणि समोरच्या बाकावरची मुलं आमच्याकडे टक लावून बघत बसायची. शेवटी आई एक पुडी सोडायचीच.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो प्रवास म्हणजे रेल्वेचा इतिहास उलटा वाचत जाण्यासारखा होता. नालासोपाऱ्याहून विजेच्या लोकलने दादर. तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर. मग नागपूरकडची पॅसेंजर. डब्यावर अजून तिसऱ्या वर्गाचा आकडा असायचा. तो वर्ग १९७४ साली बंद झाला, लाकडी बाकं मात्र पुढेही काही दिवस तीच राहिली. कसाऱ्याला गाडी थांबली की आम्ही पोरं खिडकीला चिकटायचो. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लागायची. पुढचं इंजिन ओढतंय आणि मागची ढकलताहेत, हे बघून धाकट्या भावाला वाटायचं की आपली गाडी आजारी आहे. इगतपुरीला पुढचं इंजिन बदलायचं, कारण घाटाखालच्या तारांतली वीज वेगळी आणि घाटावरची वेगळी. तोवर चहावाल्यांची झुंबड उडालेली असायची.

मग रात्र. मनमाड, चाळीसगाव झोपेतच जायचं. भुसावळला आई आम्हाला उठवायची. का, तर इंजिन बघायला. भुसावळच्या पुढे त्या काळी विजेच्या तारा नव्हत्या. विजेचं इंजिन सुटून जायचं आणि अंधारातून एक प्रचंड काळं धूड मागे मागे येत आमच्या गाडीला लागायचं. आधी त्याचा उजेड, मग त्याचा श्वास, मग तो लोखंडावर लोखंड आदळल्याचा धक्का. सगळा डबा हलायचा. बाकाखालची सुरई एकदा त्या धक्क्यानं कलंडली आणि आमचं सगळं अंथरूण भिजलं. आई रागावली नाही. तिच्या तोंडावर वेगळाच आनंद होता. "आता घर आलं," ती म्हणायची. मूर्तिजापूर अजून काही तासांवर असायचं, पण तिच्या लेखी वाफ आली म्हणजे माहेर आलं.

नांदुरा, शेगाव, अकोला करत सकाळी उन्हं चढता चढता आम्ही मूर्तिजापूरला उतरायचो. आणि तिथे, मोठ्या गाडीच्या फलाटापासून जरा अंतरावर, एक छोटी गाडी उभी असायची. अडीच फुटांच्या अंतरावरचे चिमुकले रूळ, पाच-सहा डबे, आणि पुढे एक बुटकं, गुबगुबीत इंजिन. तीच शकुंतला.

शकुंतलेबद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जायचा, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे हे रूळ. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टर, हा सगळा त्यामागचा हिशेब. आणि गंमत अशी, की या मार्गावरचं १९२१ सालचं प्रसिद्ध इंजिन मँचेस्टरलाच बनलेलं. आपला कापूस तिकडे गेला आणि तो वाहायला इंजिन तिकडून आलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी रेल्वेनं चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायचा, असा तो अजब करार होता.

आम्हा मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक, की ही नानांची गाडी आहे.

नानीची बहीण अंजनगाव-सुर्जीला राहायची. तिथेही आमच्या वसईसारखे विड्याच्या पानांचे मळे. दर मे महिन्यात तिच्याकडे कोणाचं ना कोणाचं लग्न निघायचंच. मग आमची वरात शकुंतलेतून. दर्यापूर गेलं की पुढे अंजनगाव. अचलपूरपर्यंत जायला गाडीला चारेक तास लागायचे, त्यामुळे कोणाला घाई म्हणून नव्हतीच. शेतातून एखादी बाई लेकरू काखेत घेऊन पळत येताना दिसली की गार्ड झेंडी खाली घ्यायचा. बाई चढायची, पदरानं घाम पुसायची, तिला बसायला जागा करून दिली जायची आणि मग गाडी हलायची. कोणी कुरकुर करायचं नाही, कारण उद्या आपणही त्या बाईच्या जागी असू हे प्रत्येकाला माहीत होतं. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की मोठी मुलं उतरून बाजूनं चालायची आणि पुन्हा चढायची. आईनं आम्हाला तेवढं कधी करू दिलं नाही, ही माझी आजतागायतची तक्रार आहे.

मी सगळा वेळ खिडकीतून डोकं बाहेर काढून धुराकडे बघत बसायचो. वळणावर इंजिन दिसायचं. त्याच्या धुरांड्यातून काळ्या धुराचा लोट उठला की माझ्या अंगावर काटा यायचा. डोळ्यांत कोळशाची कणी जायची. आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारून डोळा शेकायची आणि म्हणायची, "आता बाहेर बघू नकोस." दोन मिनिटांनी मी पुन्हा बाहेर.

सात वर्षांचा असताना अशाच एका सुट्टीत मी ते चित्र काढलं. नानांच्या घराच्या ओट्यावर बसून, शेडमधून आणलेल्या कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला. रंग नव्हते. चुलीतला कोळसाच घेतला. इंजिन काढलं आणि त्यावर मनसोक्त धूर काढला. नाना पाळी संपवून आले. मी चित्र पुढे केलं.

नाना घरात दखनी बोलायचे, पण आम्ही मराठी शाळेत जाणारी मुलं म्हणून आमच्याशी मुद्दाम वऱ्हाडी बोलायचे. त्यांनी चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे कोणाचं इंजिन व्हय बाप्पा?"

मी म्हटलं, "तुमचं."

"माह्यं? माह्यं इंजिन इतला कायाकुट्ट धूर कवा सोडते?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण ते खरंच दुखावले होते. ते ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "हा धूर नोहे पोट्ट्या. हा कोयसा व्हय. जयला नाही अन् उडून गेला."

मग त्यांनी मला समजावलं. ते मला तेव्हा अर्धंच कळलं, पुढे पुस्तकं वाचल्यावर पूर्ण कळलं. धुरांड्यातून निघणारी वाफ पांढरी असते. ती आपलं काम करून, दट्ट्या ढकलून बाहेर आलेली असते. काळा असतो तो धूर, आणि काळा धूर म्हणजे नीट न जळलेला कोळसा. भट्टीत एकदम फावडीच्या फावडी कोळसा ओतला की खालची आग दबते, तिला हवा पुरत नाही आणि वरचा कोळसा धूर होऊन निघून जातो. म्हणून आग पातळ ठेवायची. थोडा थोडा कोळसा, पण पुन्हा पुन्हा टाकायचा, आणि जिथे आग पांढरी पडून विरळ झाली असेल नेमका तिथेच टाकायचा. "पोयी लाटतेत तशी," नाना म्हणाले, "पातय. सारीकडे सारखी." आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती जाळीवर साचून चिकट खडे होतात आणि हवेची वाट अडते. मग ते लांब सळईनं फोडायचे, ओढून काढायचे. हे सगळं हलणाऱ्या फळीवर उभं राहून, समोर भट्टी, वर मे महिन्याचं वऱ्हाडातलं ऊन. शिवाय काचेच्या नळीतल्या पाण्यावर एक डोळा कायम. ते पाणी फार खाली गेलं तर बॉयलर धोक्यात.

गाडी सुटताना, चढावर जोर लावताना थोडा धूर निघायचाच. तेवढा चालायचा. पण सपाटीवर काळा धूर सोडत गाडी आणणाऱ्या फायरमनला शेडमध्ये जुनी माणसं टोमणे मारायची. ज्या लोटाकडे बघून माझ्या अंगावर काटा यायचा, तो नानांच्या लेखी लाजेचा विषय होता.

त्यांनी ओल्या बोटानं माझ्या चित्रातला धूर पुसला. कागद मळकट झाला. मी रडलो. नानी त्यांच्यावर ओरडली. मग नानांनी माझी समजूत घालायला दुसऱ्या दिवशी मला इंजिनाजवळ नेलं. फावडं गरम पाण्यानं धुऊन त्यावर वांगं ठेवलं आणि भट्टीच्या तोंडाशी धरलं. दोन-तीन मिनिटांत साल करपून सुटली. ते वांगं, मीठ, हिरवी मिरची आणि ज्वारीची भाकर. भट्टीचं दार उघडलं तेव्हा मी चार पावलं मागे सरलो होतो, एवढी धग. नाना तिथेच होते. त्यांच्या हातांवरचे केस जळून गेलेले मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला कित्येक तास जातात. त्यामुळे शेडला रात्र नसते. नानांच्या घरी अपरात्री दोन वाजता कडी वाजायची. कॉलबॉय कंदील आणि वही घेऊन आलेला असायचा. नानांनी वहीत सही करायची आणि निघायचं. ते परत कधी येणार हे कोणीच सांगू शकायचं नाही. नानी उठून भाकरी थापायची. ते आले की आधी त्यांच्या डोक्याचं फडकं बादलीत भिजत पडायचं. ते फडकं नानी कधी बाकीच्या कपड्यांत मिसळायची नाही. तीन पाणी बदलली तरी चौथं काळंच यायचं. आईनं ते काम लहानपणापासून केलेलं. "माझी लग्नाआधीची मेंदी कोळशाची," असं ती हसून सांगते.

१९७४ सालच्या मे महिन्यात आम्ही मूर्तिजापूरला गेलो नाही. ट्रंक भरलेली होती. ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा, सुमारे सतरा लाख कामगारांचा, वीस दिवस चाललेला तो संप. त्यात पगार-बोनसच्या मागण्या होत्या, तशी इंजिनावरच्या माणसांनी सलग किती तास काम करायचं हीसुद्धा एक मोठी गोष्ट होती. हे मला पुढे वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की सुट्टी गेली. आई ट्रंकेवर बसून रडली. महिनाअखेरीस नानांचं उर्दूत लिहिलेलं पोस्टकार्ड आलं. आईनं आम्हाला वाचून दाखवलं. त्यात सगळ्यांची खुशाली होती आणि शेवटी एक ओळ अशी होती, की शेडमधली इतकी सगळी इंजिनं एकदम थंड पडलेली आयुष्यात पहिल्यांदाच बघितली, आणि वीस दिवस मी रात्रीचा झोपलो तेही पहिल्यांदाच.

त्यानंतर दोन वर्षांनी नाना निवृत्त झाले. रात्रीची कडी वाजायची थांबली, तरी दोन वाजता ते उठून बसायचे. खोकला मात्र त्यांच्याबरोबर घरी आला होता. मी कॉलेजात जाण्याच्या आतच ते गेले. शेवटच्या सुट्टीत मी त्यांना मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, "नाना, तुम्हाला इंजिनाची आठवण येत असेल ना?" मला वाटलं, ते काहीतरी सुंदर बोलतील. मी तेव्हा कविता करायला लागलो होतो. ते म्हणाले, "तुमाले दुरून बरं दिसते रे." आणि जरा थांबून, "ड्रायव्हर भला माणूस होता माह्या. त्याची येते."

मी त्यांच्या इंजिनावर तरुणपणी दोन-तीन कविता लिहिल्या. त्यांत धूर भरपूर होता. काही चांगल्या मासिकांत छापूनही आल्या. आज वाचतो तेव्हा लक्षात येतं, की त्यांत इंजिन आहे, शिट्टी आहे, चांदणं आहे, धुक्यातलं स्टेशन आहे. फावडं हातात घेतलेला माणूस कुठेच नाही. नानांनी वाचल्या असत्या तर त्यांनी पुन्हा बोट ओलं केलं असतं.

वाफेचे दिवस भरलेच होते. चित्तरंजनच्या कारखान्यातून रुंद मार्गासाठी शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बाहेर पडलं. त्याचं नाव 'अंतिम सितारा'. शकुंतलेचं जुनं इंजिन त्यानंतरही चोवीस वर्षं धावत राहिलं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, रुंद मार्गावरची नियमित वाफेची गाडी देशातून संपली. शकुंतलेला डिझेल लागलं तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त करणारे लेख आले. मीही एक लिहिला होता. मूर्तिजापूरहून मामूंचं पत्र आलं. ते स्वतः रेल्वेत नव्हते, पण शेडच्या आसपासच वाढलेले. त्यांनी एवढंच लिहिलं, की नव्या इंजिनावरचा माणूस घरी येतो तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येतो.

तेव्हापासून मी वाफेच्या इंजिनाबद्दल हळहळणं जरा जपून करतो.

मग आपण हळहळावं ते कशासाठी? डिझेल आलं तरी शकुंतला होती. डबे कमी झाले, स्टेशनं ओस पडली, शेवटी शेवटी गार्डच तिकिटं द्यायचा, पण गाडी होती. दर्यापूरची, अंजनगावची गरीब माणसं एसटीच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत जाऊ-येऊ शकत होती. आता दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद आहे. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, लोकांनी आंदोलनं केली, अजून करताहेत. लहानपणी माझ्या आईला माहेर होतं, त्याला एक रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर तिच्यासाठी थांबणारी गाडी होती. धावत येणारी बाई दिसली म्हणून झेंडी खाली घेणारा तो गार्ड मला आज विरारच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत हटकून आठवतो. इथे तसं करता येणार नाही, हे मलाही कळतं. मिनिटामिनिटाला गाडी आहे, मागे हजारो माणसं खोळंबतील. पण दर्यापूरला करता आलं असतं. तिथे गाडीच उरली नाही. धुराची हळहळ करणारे लेख पुष्कळ निघाले. गाडी बंद झाली तेव्हा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी लिहिलं. त्या न लिहिणाऱ्यांत मीही आहे.

तर नातीचं चित्र. मी तिला जवळ बसवलं आणि नानांची गोष्ट सांगितली. काळा धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा, आग पोळीसारखी पातळ असावी लागते, सगळं सांगितलं. तिनं लक्षपूर्वक ऐकलं. मग खोडरबर घेतलं. मी तिला म्हटलं, "सगळा नको पुसूस. गाडी आत्ताच सुटली आहे. थोडा चालेल." तिनं थोडा ठेवला आणि उरलेल्या जागेत पांढरा खडू फिरवला.

मग तिनं विचारलं, "कोळसा कोण टाकतो?"

"माझे नाना."

"ते कुठे आहेत?"

चित्रात ते नव्हतेच. तिनं इंजिनाच्या दारात एक माणूस काढला. हात, पाय, हातात फावडं. धुरांड्याएवढाच उंच.

आई शेजारच्या खाटेवर होती. ऐंशीच्या घरातली आहे, ऐकू कमी येतं, दिसतंही कमी. तिनं कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं तिला आठवणी येत असतील, आता काहीतरी सांगेल. ती नातीला म्हणाली, "डोक्याला फडकं बांध त्यांच्या. लाल. नाहीतर निखारे उडतात गं."

नातीनं लाल खडू घेतला.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)